चटणीला ठसका

"मावशी, सांगलीत गावभागात आमची खाली पिठाची गिरण आणि मिरची कांडप आहे, वर आम्ही राहतो. २०२१ च्या पुराचं पाणी उतरल्यावर गिरणीच्या माळ्यावर एक पिल्लू सापडलं, डोळे चिपडांनी चिकटलेले. तांबडा बोका, म्हणून नाव चटणी. गेल्या होळीपासून खोकतोय. जमिनीला चिकटून बसतो, मान पुढं ताणतो आणि खॅक खॅक करतो, बाहेर काही पडत नाही. पावसाळ्यात जरा बरा होता, दिवाळीत परत सुरू, आता फेब्रुवारीपासून रोज. अधनंमधनं शिंका, एका डोळ्याला पाणी. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले सर्दी, अँटिबायोटिक दिलं. दुसरे म्हणाले ॲलर्जी, त्यांचं एक इंजेक्शन दिलं की तीन आठवडे गप्प, मग परत तेच. तिसऱ्यांनी एक्स-रे आणि रक्त बघितलं, एक्स-रेत विशेष काही नाही, इओसिनोफिल जरा वाढलेत, 'बघूया' म्हणाले. अकरा हजार गेले. पप्पा म्हणतात मांजराला कसला दमा, पण चटणी माळ्यावर झोपला असेल तर डंक, म्हणजे कांडपाचं मशीन, उशिरा चालू करतात. आज्जी म्हणते निलगिरीची वाफ दे. मी एमपीएससी करतोय, रात्री तो टेबलावर झोपतो आणि मी पुस्तक सोडून त्याच्या छातीकडं बघत बसतो. याला नक्की झालंय काय? माझं काही चुकतंय का?
गावभागातला भाचा"

अरे भाच्या, पत्र दोनदा वाचलं, वर छापलंय ते त्यातलं थोडंच. पहिल्यांदा बोक्याचं नाव चटणी म्हणून हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही कारण ते पुस्तक सोडून छातीकडं बघत बसणं मला लई ओळखीचं आहे. माझी मांजर ठकी सहा वर्षं असलंच काहीतरी घेऊन जगली, मिरजेत आमच्या जुन्या घरी, आणि शेवटपर्यंत तिच्या फायलीवर एक नाव पक्कं पडलं नाही, एकांनी दमा लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं, दुसऱ्यांनी प्रश्नचिन्हासकट खोडलं. मी काही डॉक्टर नाही, जन्मभर बँकेत कारकुनी केली, त्यामुळं चटणीला काय झालंय ते मी इथं बसून सांगणार नाही. पण नाव कळेपर्यंत आपण नुसतं बघत बसायचं असं जे तू धरून चाललायस ना, तिथं चुकतंय. नाव नसलं तरी मांजर सांभाळता येतं, फक्त बघायचं सोडून मोजायला लागायचं. मोजायचं कसं ते खाली सांगते, आधी गुंता जरा सोडवू.

शिंका आणि खोकला तू एका दमात लिहून टाकलेस, पण ती दोन वेगळी दुखणी असू शकतात आणि एकाच बोक्यात सुखानं नांदू शकतात. शिंका, डोळ्याला पाणी, नाक चोंदणं हे वरचं, नाकाचं काम. आणि पुरात सापडला तेव्हा डोळे चिकटलेले होते हे तू सहज लिहून गेलास, ते तुझ्या डॉक्टरांना सांगितलंस का? कारण पिल्लांचे डोळे असे चिकटतात तेव्हा पुष्कळदा मांजरांचा हर्पिस व्हायरस असतो, आणि तो एकदा शिरला की बहुतेक मांजरांच्यात जन्मभर लपून राहतो. घरात पाहुणे आले, फटाके वाजले, दुसरं मांजर दारात आलं, टेन्शन आलं की डोकं वर काढतो, आठ-दहा दिवस शिंका, मग परत झोपतो. तो मुळातनं जात नाही, पण माणसाला लागत पण नाही, एवढं आज्जीला सांग. पूर्वी त्यावर लायसिनची पावडर सर्रास द्यायचे, मी पण दिली, आता त्याचा उपयोग दिसत नाही म्हणून सांगतात, तेव्हा त्यात पैसे घालू नकोस.

खोकला मात्र खालचा, छातीतल्या नळ्यांचा. जमिनीला चिकटून, मान ताणून, खॅक खॅक आणि शेवटी गिळल्यासारखं, हे लोकांना केसांचा गोळा वाटतो. गोळा असेल तर कधी ना कधी बाहेर पडतो. वर्ष झालं आणि एकदाही पडला नाही म्हणजे तो गोळा नव्हे. मांजरांना दमा होतो की, पप्पांना सांग, अगदी माणसासारखाच, नळ्या सुजतात आणि आवळतात. पण त्याला अशी एक टेस्ट नाही की पट्टी बुडवली आणि दोन रेघा आल्या. एक्स-रेत नळ्यांच्या भिंती जाड दिसल्या तर संशय बळावतो, पण एक्स-रे चांगला आला म्हणून दमा नाही असं होत नाही. म्हणून डॉक्टर बाकीचं एकेक बाजूला काढत काढत दम्यापाशी येतात. त्यामुळं तिसरे डॉक्टर 'बघूया' म्हणाले त्यांच्यावर चिडू नकोस, मला तर तिघांत तेच बरे वाटले.

आता इओसिनोफिल. रक्तातल्या त्या पेशी ॲलर्जीत वाढतात आणि जंतांत पण वाढतात. तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलीनं लिहिलंयस, 'पाली खातो, चालतं का?' पोरा, हा प्रश्न पहिल्या ओळीत यायला पाहिजे होता! मांजरांच्या फुफ्फुसात राहणारा एक जंत असतो, तो गोगलगायीतनं येतो, आणि गोगलगायी खाणाऱ्या पाली, उंदीर, पाखरं यांच्यातनं पण येतो. खोकला अगदी दम्यासारखाच. नेहमीच्या शी तपासणीत तो हमखास सापडतोच असं नाही, त्याची बाएरमन म्हणून वेगळी पद्धत आहे, ताजी शी लागते आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांची दिलेली बरी. ती सोय नसेल तर डॉक्टर फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाचा काही दिवसांचा कोर्स सरळ देऊन बघतात, वजनावर डोस ठरतो, आणि तो खर्च एक्स-रेच्या मानानं काहीच नाही. वर्षातनं एकदा दिलेली जंताची साधी गोळी म्हणजे हे झालं असं समजू नकोस. पुढच्या खेपेला डॉक्टरांना पाली आणि पूर, हे दोन शब्द आधी सांग.

आणि आता मला जे सगळ्यात आधी ओरडून सांगायचं होतं ते. होळीपासून खोकला, पावसाळ्यात बरा, दिवाळीत परत, फेब्रुवारीपासून रोज. अरे, ही तुझ्या घरच्या धंद्याची दिनदर्शिका आहे! फेब्रुवारी ते मे सगळी सांगली चटणी करायला डंकावर येते, पावसाळ्यात कांडप बंद, दिवाळीत फराळाची पिठं, भाजणी आणि वर फटाके. आणि बोका झोपतो कुठं, तर माळ्यावर मिरचीच्या पोत्यांवर, कारण खालच्या मशिनची ऊब लागते. आपण कांडपाच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलो तरी पदर नाकाला लावतो. त्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर, सगळी धूळ बसते तिथंच, आणि वर तो अंग चाटून साफ करतो म्हणजे केसांवरची मिरची पोटात. मी असं म्हणत नाही की दुखणं मिरचीनंच झालंय, कदाचित आतनं दुसरंच काही असेल आणि मिरची त्याला फक्त टोचत असेल, पण हे काढल्याशिवाय कुठलंही औषध चाललं का नाही हे तुला कधीच कळणार नाही.

तेव्हा माळा बंद. जिन्याला दार असेल तर लाव, नसेल तर फळी ठोक. दोन दिवस दारात बसून बोंबलेल, आज्जी विरघळेल, तरी उघडायचं नाही. वरच्या खोलीत खिडकीपाशी त्याच्यासाठी गोधडी टाक, जुनी, धुतलेली, ऊन येईल अशी. खालनं काम करून आलास की शर्ट बदलल्याशिवाय त्याला उचलू नकोस. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. शी करायला भुसा ठेवलायस असं दिसतंय, त्याची पण धूळ उडते, पेपर फाडून घाल नाहीतर धुतलेली जाड वाळू. मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, धूप हे त्याच्या खोलीत नको, देवघर दुसरीकडं असेल तर दार ओढून घ्या, आज्जीचा देव रागावणार नाही. संध्याकाळी कुठं उसाचं पाचट पेटवलं की सगळ्या गावाला धूर येतो, तेव्हा खिडकी लाव. फिनेलनं पुसू नका, मांजरांना ते तसंही सोसत नाही, चाटण्यातनं पोटात जातं. आणि पुराच्या ओलीनं खालच्या भिंतीला बुरशी धरलेली असेल, गावभागात बहुतेक घरांना आहे, तर ती भिंत खरवडून रंगवेपर्यंत त्याचं बिछानं त्या बाजूला नको.

हे सगळं तीन आठवडे नीट कर. आणि मोज.

मोजायचं असं. रात्री टेबलावर गाढ झोपला की, गुरगुरत असेल तेव्हा नाही, स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा पण नाही, छाती वर जाऊन खाली आली की एक, मोबाईलवर तीस सेकंद लाव, येईल त्याची दुप्पट कर. झोपलेल्या मांजराचा आकडा मिनिटाला तीसच्या आत पाहिजे, पुष्कळांचा वीस-पंचवीस असतो. रोज एकदाच मोज, दर पाच मिनिटांनी नको, नाहीतर तुझीच राज्यसेवा राहील. पुढं त्या दिवशी किती वेळा खोकला, शिंकला, जेवला किती, घरात काय घडलं, एवढंच एका ओळीत. चालू घडामोडीची वही असते ना, तशी ही चटणी घडामोडी. आठवडाभरात तुला कळेल की त्याचा नेहमीचा आकडा किती. मग तो लागोपाठ तीसच्या वर जायला लागला तर डॉक्टरांना फोन, स्वस्थ पडलेला असताना चाळीसच्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, कोपरं बाहेर काढून मान ताणून बसला आणि आडवा होईना, पोट भात्यासारखं हलायला लागलं, हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या, तर वही, मोबाईल, मावशी सगळं सोडायचं आणि तडक निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. म्हणून रात्री कोण उघडतं, ऑक्सिजन कुणाकडं आहे, हे आजच दोन-तीन फोन करून विचारून ठेव आणि नंबर पप्पांच्या मोबाईलमधे पण घाल. खोकतानाचा व्हिडिओ पण काढून ठेव, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ही जनावरं एकदम साळसूद होतात, ठकी तर तिथं कधी एकदा पण खोकली नाही.

ठकीचं एक सांगते, म्हणजे तुझ्याकडनं ते होणार नाही. मे महिना, दुपारचे दोन, तिला दम लागला म्हणून मी घाबरून बाजाराच्या पिशवीत घातली आणि स्कूटरवर नेली. पोचेपर्यंत तोंड उघडून धापा टाकत होती. तिथं गेल्या गेल्या एक्स-रे काढू म्हणून दोघांनी धरून तिला उताणी केली. बघता बघता जीभ जांभळासारखी झाली. कुणाचं नाव घेत नाही, त्यांची पण धांदल होती आणि मी पण रडत ओरडत होते, पण आतनं एक मदतनीस मुलगी धावत आली आणि म्हणाली सोडा तिला, आधी सोडा, आणि नाकापाशी ऑक्सिजनची नळी धरली. दहा मिनिटं कुणीही हात लावला नाही. मग जीभ हळूहळू गुलाबी झाली. दम लागलेलं मांजर झटापटीनंच जातं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी निघायच्या आधी फोन करायचे, दम लागलाय, आधी ऑक्सिजन, मग बाकीचं. तू पण तसंच सांग. आणि पिशवी नको, हवा खेळणारी टोपली किंवा पिंजरा, त्यावर पातळ पंचा, रिक्षानं, शक्यतो सकाळी. पिंजरा आजपासूनच खोलीत उघडा टाकून ठेव म्हणजे त्यात जाऊन झोपायची सवय होईल.

आज्जीच्या निलगिरीचं काय करायचं? तिचा हात धरायचा. निलगिरी, कापूर, पुदिन्याचा अर्क, डोकेदुखीचा बाम, हे मांजराला विष आहे, त्यांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही. मला कसं माहीत, तर मी केलंय. पहिल्या वर्षी मी गरम पाण्यात बाम टाकून ठकीच्या पिंजऱ्यापुढं ठेवला होता, पाच मिनिटांत तोंडाला फेस आणि तोल जायला लागला. वाचली, पण तो बाम अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. वाफ द्यायचीच तर नुसती, बाथरूममधे गरम पाणी सोडून दार लावायचं आणि त्याला घेऊन दहा मिनिटं बसायचं, पाण्यात काही टाकायचं नाही, नाक चोंदलेलं असेल तर बरं वाटतं. दम लागलेला असताना मात्र कोंडू नकोस. नेब्युलायझर असेल तर त्यात फक्त सलाईन, तेही डॉक्टरांना विचारून. हळदीचं दूध नको, मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब लागतात. आणि तापाची आपली गोळी, पॅरासिटामॉल, तिचा तुकडा पण नाही! पाचशेच्या एका गोळीत मांजर मरतं, रक्तच ऑक्सिजन धरेनासं होतं. ब्रुफेन पण नाही. कुत्र्यांच्या गोचिडाचं औषध मानेवर लावतात त्यातलं परमेथ्रिनवालं पण नाही, शेजारी दिलं तरी घेऊ नकोस.

मग त्या तीन आठवडे चालणाऱ्या इंजेक्शनचं. ते बहुधा लांब चालणारं स्टेरॉइड असणार, कागदावर नाव बघ. त्यानं बरा वाटतो कारण सूज उतरते, आणि बरा वाटला ही डॉक्टरांसाठी एक खूणच आहे, खोकल्याच्या मुळाशी सूज आहे अशी. पण तेच तेच इंजेक्शन घेत राहणं बरं नव्हे, मांजरांना त्यातनं डायबेटिस होऊ शकतो, आत हृदयाचं दुखणं लपलेलं असेल तर ते उसळू शकतं, तो हर्पिस डोकं वर काढतो, आणि काही गाठी वगैरे असतील तर त्यांच्या खुणाच पुसल्या जातात, मग पुढची तपासणी फसते. म्हणून पुढच्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं ते सांगितलंच पाहिजे. आणि डॉक्टर बदलणं आता बंद कर. तीन डॉक्टर झाले म्हणजे तिघांनी पहिलं पान वाचलं आणि दुसरं कुणीच वाचलं नाही. एक धर, माझं मत विचारशील तर तिसरे, आणि तिघांचे कागद, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, तुझी वही, व्हिडिओ सगळं त्यांच्या पुढं ठेव.

ते कदाचित म्हणतील की दमा धरून इलाज करून बघू. तर रोजचा पंप मांजरांना पण देता येतो, फ्लुटिकासोन नावाच्या स्टेरॉइडचा, लहान बाळांचा स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली नळी, आणि मास्क मेडिकलमधे मिळतो त्यातनं. ऐकायला अशक्य वाटतं, मला पण वाटलं होतं. युक्ती अशी की पहिले सात-आठ दिवस पंप लावायचाच नाही, नुसत्या मास्कमधे उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा, त्यानं आपणहून तोंड घालायचं. मग मास्क नाकाला दोन सेकंद, मग पाच. ठकी शेवटी शेवटी मास्क दिसला की पळत यायची. पंप मारला की सात ते दहा श्वास होईपर्यंत मास्क धरायचा. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात म्हणून तोवर डॉक्टर स्टेरॉइडची गोळी पण देतात, ती मनानं एकदम तोडायची नाही. आज्जीला दम्याचा पंप आहे असं तू लिहिलंयस, तो चटणीला मारून बघायचा नाही, कितीही मोह झाला तरी. (आणि आज्जीला दमा असताना तिची खोली कांडपाच्या बरोबर वर? यावर पप्पांशी वेगळं बोल.)

अँटिबायोटिक परत दिलं आणि ते डॉक्सिसायक्लिन असेल तर गोळी कोरडी गिळवू नकोस. मांजराच्या अन्ननळीत ती अडकून बसते आणि तिथं भाजल्यासारखी जखम करते, नंतर नळीच आवळते. गोळी दिली की सुईशिवाय सिरिंजनं पाच-सहा मिली पाणी गालातनं हळूहळू, किंवा लगेच थोडं ओलं खाणं.

खाण्याचं थोडक्यात. मांजर वासावर जेवतं, नाक चोंदलं की ताट समोर असून उपाशी राहतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं नाक पुस, खाणं कोमट कर म्हणजे वास येतो, उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण काही नाही, कच्चं पण नाही. अख्खा एक दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन, दोन दिवस झाले तर थांबायचंच नाही, जाड बोक्यांच्या लिव्हरला तेवढ्यात चरबी चढते. आणि वजन. लोक हजार रुपयांचा काटा आणतात, तुझ्याकडं तर गिरणीत रोज दळणं मोजायचा काटा आहे! फक्त आधी नीट पुसून घे, मिरची लागलेली असते, वर धुतलेलं पोतं टाक.

पैशाचं पप्पांचं खरं आहे, त्यात त्यांना वाईट ठरवू नकोस. आधी फुकटचं सगळं करायचं, माळा, धूळ, वही. मग स्वस्तातलं, जंतांचा कोर्स. मग तीन आठवड्यांनी वही घेऊन त्या एकाच डॉक्टरांकडं. तेव्हाही आकडे वाईटच असतील तर पुढचं, हृदयाची सोनोग्राफी वगैरे. मांजर हृदयाच्या दुखण्यानं सहसा खोकत नाही, पण श्वास वाढलेला असेल तर ते बघावं लागतं. त्यासाठी पुण्याला जायच्या आधी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून काय काय होतं ते विचार, नाना आपल्याच जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रचे, पेठ नाक्यावरनं हायवे धरला की खंबाटकी ओलांडून शिरवळ. दुर्बीण घालून फुफ्फुसात थोडं सलाईन सोडतात आणि परत ओढून तपासतात, ती तपासणी भूल देऊन करावी लागते आणि दमेकरी मांजराला भूल म्हणजे जोखीम, तिथं मी ठकीच्या वेळी नको म्हणाले आणि डॉक्टरांनी पण आग्रह केला नाही. म्हणून तर नाव राहिलं. त्यानंतर ती चार वर्षं कपाटावर उड्या मारत होती.

तुझं चुकलं का म्हणतोस. माळ्यावर झोपू दिलास ते चुकलं, पण त्याला तुम्ही तिथंच तर सापडलात, तो आपल्या घरी झोपत होता. अजून तो खिडकीत चढतो, अंग चाटतो, तुझ्या पुस्तकावर बरोबर तू वाचतोयस त्याच पानावर बसतो, असं तूच लिहिलंयस. याला त्रासात पडलेलं मांजर म्हणत नाहीत. अंग चाटायचं सोडलं, कपाटामागं जाऊन बसायला लागला, तर मला कळव आणि माझ्या आधी डॉक्टरांना.

परीक्षेच्या आठवड्यात श्वास मोजायचं काम आज्जीला दे, तिला रात्री तशीही झोप लागत नाही. वजनाचं काम पप्पांना. दर रविवारी गिरण उघडायच्या आधी काटा पुसायचा, बोका ठेवायचा, आकडा त्यांनीच लिहायचा, उधारीच्या वहीत लिहिला तरी चालेल. पहिल्या तीन रविवारचे आकडे मला पाठव.